धनुष्कोडी: रेतीत दोन हातांवर पाणी

धनुष्कोडीला आता पार टोकापर्यंत डांबरी रस्ता झालाय, असं माझ्या भाचीनं परवा फोनवर सांगितलं आणि वर विचारलं, "मावशी, तू गेली होतीस ना? काय काय पाहायचं तिथं?" तिला दोन वाक्यांत उत्तर देणं मला जमेना, म्हणून हे लांबण. ज्यांचा जायचा बेत असेल त्यांनी यातलं कामाचं तेवढं उचलावं, बाकीच्यांनी नुसतं वाचावं. मात्र आधीच सांगून ठेवते, माझी धनुष्कोडी सत्तरच्या दशकाच्या अखेरीची आहे. तेव्हा तिथं रस्ता नव्हता, चहाची टपरी नव्हती, आणि मी सत्तावीस वर्षांची, नागपूरच्या तार ऑफिसात कारकून, बिनलग्नाची आणि त्यामुळे घरातल्या सगळ्यांना सल्ले द्यायला मोकळी होते.

सरकारी नोकरांना काही वर्षांतून एकदा फिरायचं भाडं मिळायचं. एलटीसी. माझ्या टेबलाशेजारच्या बायका उटीला नाहीतर काश्मीरला जाऊन यायच्या आणि मग वर्षभर तिथले फोटो दाखवून आम्हाला छळायच्या. मी अर्जात रामेश्वर लिहिलं. आईला रामेश्वराचं दर्शन हवं होतं, हे सांगायचं कारण. खरं कारण बाबा.

माझे बाबा विहिरी खोदायचे. कळमेश्वरच्या आसपासच्या गावांत तुम्ही जुन्या विहिरीचं पाणी प्यायला असाल, तर ती बाबांची असण्याची बरीच शक्यता आहे. साठच्या वर विहिरी, आणि एकही कोरडी नाही, हे ते स्वतः सांगायचे नाहीत. पण दुसऱ्या कोणी सांगितलं की मिशीला हात जायचा. त्यांचा एक रिवाज होता. विहिरीला पाणी लागलं की पहिली ओंजळ खोदणाऱ्यानं प्यायची. घरधनी, पाटील, कोणी का असेना, त्याच्या आधी बाबा पिणार. मग नारळ, मग बाकीच्यांनी प्यायचं. लहानपणी मला ती ओंजळ म्हणजे बाबांना मिळालेलं बक्षीस वाटायची.

मग त्यांच्या सख्ख्या बहिणीची, माझ्या सखूआत्याची विहीर कोरडी गेली.

आत्याचं घर कळमेश्वरच्या पलीकडं, नाल्यापासून शंभर पावलांवर. बाबांनी जागा पाहिली, अंगणाच्या वरच्या अंगाला काळ्या दगडात काम सुरू केलं. आत्या तेव्हाच म्हणाली होती, "दादा, नाल्याच्या काठाले रेतीत पाह्य ना गा. उन्हाळ्यात आम्ही बाया तिथंच झिरे करतो. कधी आटले नाहीत." झिरा म्हणजे नाल्याच्या रेतीत हातानं उकरलेला खळगा, त्यात पाणी पाझरतं आणि वाटीनं भरून घ्यायचं. बाबा हसले. "झिरा बायांचा असते सखू. विहीर दगडात राह्यते." आणि चाळीस हात खाली गेले. चाळीस हात नुसता दगड. सुरुंग लावले, पावसाळा गेला, दुसरा उन्हाळा आला, खाली उतरलं की पायाला धूळ लागायची.

आत्या एका शब्दानं बोलली नाही. तेच बाबांना सोसलं नाही. घरी येऊन त्यांनी पहार बाजेखाली सारली आणि स्वतः बाजेवर बसले. कोणी विहिरीचं काम घेऊन आलं तर "डोळे गेले" म्हणून सांगायचे. डोळे चांगले ठणठणीत होते. सर्वांत वाईट म्हणजे ते आत्याकडं जाईनात. दोन दिवाळ्या गेल्या. भाऊबीजेला आत्या पाट मांडून, दिवा लावून संध्याकाळपर्यंत बसायची आणि आम्ही काहीतरी थाप मारून निरोप पाठवायचो. एक भाऊ, एक बहीण, मध्ये एस.टी.चं दीड तासाचं अंतर, आणि कोरड्या विहिरीपायी सगळं बंद. मला बाबांचा राग यायचा आणि दयाही यायची. त्यांना त्या बाजेवरून उठवायचं आणि काहीही करून आत्याच्या दारात उभं करायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. रामेश्वर हा त्याचा लांबचा रस्ता.

बाबा तयार कसे झाले, तर आईच्या युक्तीनं. "तिथल्या देवळात बावीस विहिरी आहेत म्हणते," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "समुद्राच्या काठाले. साऱ्या गोड. हरेकीची चव निराळी."

बाबांनी बाजेवरूनच मान वळवली. मग म्हणाले, "कायले फेकून राहिली वं? समुद्राजवळ गोड पाणी?"

"मले काय मालूम. पाह्यल्याबिगर कसं समजन?"

जानेवारीत निघालो. नागपूरहून दक्षिणेकडं जाणाऱ्या गाडीत बसलं की दुसऱ्या दिवशी मद्रास. दशम्या, तिळाची चटणी, टोपलीभर संत्री आणि खिडकीला टांगलेली छागल, म्हणजे कापडी पाण्याची पिशवी; वाऱ्यानं तिच्यातलं पाणी गार राहतं. पण बाबांचा छागलीवर विश्वास नव्हता. त्यांनी आमच्या घरच्या विहिरीचं पाणी पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात भरून, वर फडकं बांधून बरोबर घेतलं होतं. समुद्राच्या मुलखात प्यायला काय मिळणार, हा त्यांचा सवाल. डबा त्यांनी पूर्ण प्रवासात मांडीजवळ ठेवला. वाटेत छागल स्टेशनच्या नळांवर भरायची आणि डबा शिल्लक ठेवायचा, अशी त्यांची शिस्त. वर्ध्याच्या पुढं एका प्रवाशानं त्यांना विचारलं, "काकाजी, तूप आहे का?" बाबा म्हणाले, "त्याच्याहून महाग आहे."

मद्रासला स्टेशन बदलून लहान रुळांची गाडी धरावी लागते, एवढं ध्यानात ठेवा. निदान तेव्हा लागायची. सामान कमी असेल तर सायकलरिक्षानं दोन रुपयांत काम होई. रात्रभर गाडी, सकाळी ताडाची झाडं, मिठाची पांढरी शेतं, आणि मग पांबनचा पूल.

पुलावर गाडी बैलगाडीच्या चालीनं जाते. कठडा दिसत नाही. खिडकीतून खाली पाहिलं की थेट पाणी, निळं, हिरवं, कुठं जांभळं, आणि डाव्या खिडकीतही पाणी, उजव्या खिडकीतही पाणी. मी समुद्र पहिल्यांदा पाहत होते. मला वाटलं होतं की मी काहीतरी छानसं बोलेन. प्रत्यक्षात मी नुसती या खिडकीतून त्या खिडकीशी पळत राहिले. आईनं डोळे गच्च मिटून हात जोडले होते; तिनं तो पूल पाहिलाच नाही, हे ती नंतर कबूल करत नसे. बाबा खिडकीच्या गजांना धरून उभे.

"किती हात खोल असन?" त्यांनी विचारलं.

"कोणाला माहीत, बाबा."

"एवढं पाणी," ते म्हणाले, "अन् एका घोटाच्या कामाचं नाही." आणि डबा जवळ ओढून घेतला.

रामेश्वर हे बेट आहे, हे नकाशात पाहिलं असलं तरी पायाखाली रेती आली तेव्हा पटलं. गल्लीत रेती, देवळाच्या पायरीवर रेती, लॉजच्या गादीत रेती. लॉज बारा रुपये रोज, खोलीत दोन खाटा आणि एक चटई. चटई माझ्या वाट्याला. जेवण केळीच्या पानावर, भाताचा डोंगर, सांबार, रस्सम, ताक, कितीही वाढून घ्या. आईनं दोन दिवस पोळी शोधली, तिसऱ्या दिवशी शरण जाऊन दहीभात खाल्ला आणि घरी परतल्यावर आयुष्यभर उन्हाळ्यात दहीभातच केला.

देवळातल्या बावीस विहिरींबद्दल सगळ्यांनी लिहिलंय, मी बाबांबद्दल लिहिते. लोक रांगेनं एकेका विहिरीशी जातात, काठावर उभा माणूस पोहऱ्यानं पाणी काढून अंगावर ओततो, की पुढं. बाबा प्रत्येक विहिरीशी थांबून आत वाकून पाहत होते. रांग खोळंबली. मागचे लोक चार भाषांत ओरडले. बाबांना त्याचं काही नव्हतं. ते बांधणीचे थर मोजत होते, दगडाचा सांधा बोटानं चाचपत होते आणि ओल्या तळव्यावरचं पाणी जिभेला लावून पाहत होते. सातव्या की आठव्या विहिरीशी त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. दोन वर्षांत मी तो चेहरा पाहिला नव्हता.

"गोड आहे बाई," ते म्हणाले. "समुद्र पाह्य, कुठं आहे. अन् हे गोड!"

मला वाटलं, जमलं. पण लॉजवर आल्यावर ते भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. रात्री जेवताना म्हणाले, "देवाच्या अंगणात लागते पाणी. आपल्या हाताले यश नाही."

"देवाच्या विहिरी का देवानं खोदल्या?" आई म्हणाली. "माणसानंच खोदल्या असतील ना."

दुसऱ्या दिवशी धनुष्कोडी. बेटाचं शेवटचं टोक. काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळात तिथलं गाव, रेल्वे स्टेशन, सगळं एका रात्रीत गेलं, हे आम्हाला लॉजवर कळलं. पुढं रेतीच रेती. बस अर्ध्या वाटेवर सोडते, तिथून मासळीच्या ट्रकमध्ये बसून जायचं. ट्रक चालवणाऱ्याचं नाव सेल्वम. पन्नाशीचा, काळाभोर, केस पिकलेले. आमचं गाव ऐकून त्याचे डोळे चमकले.

"नागपूर? मैं कामठी में तीन साल था! मिलिट्री का गाडी चलाता था. क्या संतरा होता है उधर!"

टोपलीत चार संत्री उरली होती. चारही त्याला दिली. तीन रुपये माणशी ठरले होते, आईचे त्यानं घेतले नाहीत. बाबांनी त्याला हिंदीत विचारलं, पाणी मिळतं का तिकडं. तो हसून म्हणाला, "देखेंगे." मला ते उत्तर आवडलं नाही.

मासळीच्या रिकाम्या टोपल्यांवर बसून केलेला तो प्रवास मी कोणाला सुचवणार नाही, आणि चुकवू नका असंही सांगेन. ट्रक समुद्राच्या अगदी कडेनं, ओल्या घट्ट रेतीवरून धावतो. चाकांखाली लाट येते. मध्येच कोरडी रेती लागली की चाकं रुततात, सगळे उतरून ढकलतात, पुन्हा चढतात. एकदा असा दणका बसला की आई टोपलीत बसली, खरोखरीच आत. बाहेर काढेपर्यंत ती हसून हसून रडत होती.

उतरलो तेव्हा बाबांच्या धोतराला मोठा ओला डाग. डब्याची बुडाची सांध सुटली होती. नागपूरहून मांडीशी धरून आणलेलं पाणी मासळीच्या टोपल्यांवर सांडून गेलं होतं. छागल लॉजच्या खिडकीला राहिली होती; डबा असताना छागल कशाला, असं बाबाच म्हणाले होते. आता उरलं होतं डब्याच्या कोपऱ्यात बोटभर. ते आईनं प्यायलं.

"दो-तीन घंटा में आता हूँ," सेल्वम म्हणाला आणि कोळ्यांच्या झोपड्यांकडं निघून गेला.

मग आम्ही चाललो. आधी एक पडकं चर्च, छप्पर नाही, भिंतीवर कावळा. मग स्टेशनच्या कमानीचे तुकडे. रुळांचा एक जोड रेतीतून वर येतो, दहा पावलं चालतो आणि पुन्हा रेतीत शिरतो. फलाट कुठं संपला आणि टेकडी कुठं सुरू झाली ते सांगता येत नाही, कारण टेकड्या जागा बदलतात. वारा समुद्रावरून येतो आणि रेतीच्या टेकडीचा माथा धुरासारखा उडत राहतो. दर पावलाला पाय घोट्यापर्यंत आत. रेती पांढरी, बारीक, वर वाऱ्याच्या घड्या पडलेल्या, लुगडं वाळत घातल्यावर पडतात तशा. माणूस नाही. आवाज एक वाऱ्याचा आणि दुसरा पाण्याचा, आणि तो दोन्हीकडून येतोय हे हळूहळू ध्यानात येतं.

शेवटच्या मोठ्या टेकडीवर आम्ही हातापायांवर चढलो. माथ्यावर उभे राहिलो.

डाव्या हाताला एक समुद्र, शांत, तळ्यासारखा, फिका निळा. उजव्या हाताला दुसरा, गडद, लाटांवर लाटा आपटणारा. मध्ये आम्ही ज्यावर उभे होतो ती रेतीची पट्टी, पुढं पुढं अरुंद होत गेलेली, आणि अगदी टोकाला दोन्ही पाणी एकमेकांत जात होतं. त्यापलीकडं काही नव्हतं. देश तिथं संपत होता. मी नागपूरची, चारही बाजूंनी जमीन पाहण्याची सवय असलेली. मला वाटलं आपण खाली बसलो नाही तर वारा आपल्याला उचलून त्या पाण्यात नेईल. मी बसले. भीती होती, पण उठून जावंसं मुळीच वाटत नव्हतं. इतकं मोठं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि खरं सांगते, नंतरही पाहिलं नाही.

पण ऊन चढलं होतं. आईचे ओठ पांढरे पडले. तिनं पदर तोंडावर घेतला आणि म्हणाली, "मले गरगरून राह्यलं." बाबा ताडकन उठले. दोन समुद्रांच्या मध्ये उभं राहून त्यांनी चारही दिशांना पाहिलं, आणि त्यांचा चेहरा अगदी आत्याच्या विहिरीच्या काठावर होता तसा झाला.

"चाळीस वर्षं पाण्याचं काम केलं," ते म्हणाले, "अन् हिले एक घोट नाही देऊ शकत."

टेकडीच्या उतारावर दोन झोपड्या होत्या. माडाच्या झावळ्यांच्या. आम्ही आईला धरून तिथं उतरलो. एक बाई जाळं विणत बसली होती. मुनियम्मा, नाव नंतर सेल्वमनं सांगितलं. चाळीस-पंचेचाळीसची, दंडावर गोंदण. मी ओंजळ तोंडाशी नेऊन पाणी मागितलं. तिनं आईकडं पाहिलं, जाळं खाली टाकलं आणि एक वाटी घेऊन बाहेर आली. मला वाटलं, घागर कुठं असेल. ती टेकडीच्या पायथ्याशी, उघड्या रेतीत गुडघ्यांवर बसली आणि हातांनी उकरू लागली.

बाबा पाहत राहिले. कोपरापर्यंत हात गेला तशी रेती ओली झाली. अजून थोडं, की तळाशी चकाकलं. दोन हात खोल असेल नसेल. तिनं थोडा वेळ निवळू दिलं, वाटी बुडवली आणि आईला दिली. आईनं ती एका दमात संपवली, पुढं केली आणि दुसरीही संपवली.

"गोड आहे," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मग मी प्यायले. गार, गोड, थोडी रेती दाताखाली. समुद्र दोन्हीकडं आरडाओरडा करत होता, आणि मी मध्ये बसून गोड पाणी पीत होते.

बाबांनी पाणी प्यायलं नाही. ते गुडघ्यांवर बसले, धोतर खोचलं आणि त्या खळग्यात हात घातला. दोन वर्षांनी त्यांचे हात मातीत गेले होते. भराभर उकरू लागले. विहीर खोदणाऱ्याला ओल लागली की थांबवत नाही. मुनियम्मा काहीतरी म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. ती मोठ्यानं म्हणाली, "पोदुम! पोदुम!" आणि त्यांचं मनगटच धरलं. बाबांनी ते सोडवून आणखी एक वीतभर खोल खणलं. तिनं कपाळाला हात लावला.

मग तिनं वाटी बुडवून त्यांच्या पुढं धरली. बाबांनी घोट घेतला आणि थुंकला.

खारं झालं होतं.

मुनियम्मा आधी चिडून बोलली, मग हसायला लागली. आई हसायला लागली. बाबा रेतीत बसून रिकाम्या वाटीकडं पाहत राहिले. तेवढ्यात टेकडीवरून सेल्वम आला. तिनं त्याला हातवारे करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ये बोलती है, ऊपर बारिश का पानी है, रेती पकड़ के रखती है. नीचे समुंदर है. जितना चाहिए उतना खोदो. ज्यादा खोदेगा तो समुंदर आ जाएगा. पोदुम मतलब बस, हो गया."

बाबांनी ते दोनदा म्हणवून घेतलं.

मुनियम्मानं तो खळगा बुजवला, पाच पावलं बाजूला सरकली आणि बाबांना खूण केली, तुम्ही खणा. ती शेजारी बसून राहिली. ओल लागली, पाणी चकाकलं, ती काही बोलायच्या आत बाबांनी हात बाहेर काढले. मग प्यायले. बराच वेळ पीत होते. नंतर तिनं त्यांना झोपडीमागं नेलं. तिथं बूड काढलेलं एक पिंप रेतीत गळ्यापर्यंत उतरवलेलं होतं, आत स्वच्छ पाणी. रेती ढासळू नये म्हणून पिंप. त्यांनी वाकून आत पाहिलं, पिंपाची कड दाबून पाहिली, ते खाली कसं उतरवलं ते तिच्याकडून हातवाऱ्यांनी समजून घेतलं. देवळातल्या बावीस विहिरींना त्यांनी एवढा वेळ दिला नव्हता.

निघताना मी सेल्वमला म्हटलं, हिला विचार, गाव गेलं, माणसं गेली, तरी इथं का राहते? त्यानं विचारलं. तिनं आश्चर्यानं माझ्याकडं पाहिलं आणि पिंपाकडं बोट दाखवलं.

"बोलती है, पानी है ना इधर."

परतीच्या गाडीत बाबा पांबनच्या पुलावर समुद्राकडं पाहतच नव्हते. ते बोटांनी मांडीवर काहीतरी मोजत होते. मद्रासच्या अलीकडं कुठंतरी एकदम म्हणाले, "तिनं सांगतलं होतं."

"कोणी? मुनियम्मानं?"

"सखूनं. नाल्याच्या काठाले रेतीत पाह्य म्हणे. म्या म्हटलं, झिरा बायांचा." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एका परक्या बाईनं माहा हात धरला तवा समजलं."

मी काही बोलले नाही. माझ्या सल्ल्यांची सवय असलेल्या माणसाला ते नवल वाटलं असेल.

आता भाचीसाठी कामाचं. सकाळी लवकर निघ, दुपारी रेती पाय भाजते. चपला हातात घे, डोक्याला काहीतरी बांध. रस्ता टोकापर्यंत गेला असला तरी गाडीतून उतर आणि एकदा तरी टेकडीवर हातापायांनी चढ. दोन्ही समुद्र एकाच वेळी दिसतील अशी जागा मिळेपर्यंत थांबू नकोस. आणि तिथल्या कोणत्याही बाईनं वाटीभर पाणी दिलं तर नाही म्हणू नकोस. माझ्याकडं तिथली खूण म्हणशील तर खांद्यावरच्या कापडी पिशवीच्या शिवणीत अडकलेली चिमूटभर पांढरी रेती. ती कित्येक वर्षं झटकली तरी थोडी थोडी निघत राहिली.

आणि बाबा. घरी आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी बाजेखालची पहार काढली, पण ती नेली नाही. फावडं आणि घमेलं घेतलं. सिमेंटच्या गोल कड्या करवून घेतल्या, बैलगाडीत घातल्या आणि आत्याच्या गावाला गेले. रविवारी मी आणि आई मागून एस.टी.नं. नाल्याच्या काठावर, बाया झिरे करत त्याच जागी, एकावर एक कड्या रेतीत उतरत होत्या. बाबा आतून रेती काढत आणि कडी आपल्या वजनानं खाली बसे. आत्या वर उभी. भावाशी ती अजून मोकळेपणानं बोलत नव्हती, घमेलं मात्र हातोहात घेत होती.

नऊ हातांवर पाणी लागलं. बाबा आणखी थोडे खाली गेले, पाणी मांडीला आलं आणि थांबले. वर काठावरून कोणीतरी म्हणालं, "अजून चार हात जाऊ द्या ना मामा." बाबा खालून म्हणाले, "पोदुम." कोणाला काही कळलं नाही. मी आणि आईनं एकमेकींकडं पाहिलं.

मग ते शिडीनं वर आले, एका हातात भरलेली वाटी. सगळे वाट पाहत होते. रिवाज गावाला ठाऊक होता. बाबांनी वाटी आईकडं दिली, ओंजळ धरून तिच्याकडून पाणी ओतून घेतलं आणि न पिता तसेच आत्यासमोर जाऊन उभे राहिले.

"घे सखू. जागा तुही आहे."

आत्यानं त्यांच्या ओंजळीला तोंड लावलं. पाणी तिच्या हनुवटीवरून गळ्यापर्यंत गेलं. तिनं पदरानं तोंड पुसलं, डोळेही त्यातच पुसले, आणि मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अन् माह्या दोन भाऊबीजा राहिल्या त्याचं काय गा दादा?"

बाबा काही बोलायच्या आत तिनं घरातून पाट आणला, दिवा लावला. फाल्गुनातलं ऊन, बाबांचं धोतर मांड्यांपर्यंत ओलं, केसांत रेती. आत्यानं त्यांना दोन वेळा ओवाळलं, एकदा त्या वर्षासाठी, एकदा या वर्षासाठी, आणि मग दोघं भाऊबहीण पाटाशेजारीच बसून पोटभर रडले.